गाईच्या रक्तात शिसं, आणि टी-४ मात्र ‘नॉर्मल’

शिसं-जस्ताच्या भट्टीशेजारी चरणाऱ्या गाईची थायरॉइड मंदावलेली असणार, असं कुणालाही वाटेल. प्रयोगशाळेतल्या उंदरांवरचे निष्कर्ष वाचले तर तेच दिसतं. पण इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकं उलटं निघालं. भट्टीच्या परिसरातल्या गाईंच्या रक्तात शिशाची सरासरी ०.८६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होती, प्रदूषण नसलेल्या भागातल्या गाईंत ०.०७. म्हणजे बारा पटींचा फरक. आणि ज्यांच्या रक्तात शिसं जास्त, त्यांच्या रक्तातली टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची संप्रेरकं घटलेली नव्हती, वाढलेली होती: टी-३ सरासरी २.४३ आणि टी-४ ४१.१ नॅनोमोल प्रति लिटर.

या ४१.१ कडे नीट बघा. गाईंसाठी प्रयोगशाळा जी ‘नॉर्मल’ मर्यादा छापतात, तिच्या वर हा आकडा जात नाही. त्या कळपातल्या एकाच गाईचं रक्त कुणी तपासायला पाठवलं असतं तर ‘थायरॉइड व्यवस्थित’ असा शेरा घेऊन रिपोर्ट परत आला असता. आकडा वाढलेला आहे हे कळलं, ते शेजारी स्वच्छ भागातल्या गाई तुलनेला होत्या म्हणून. जड धातू आणि थायरॉइड या विषयात निम्म्याहून जास्त गोंधळ इथेच होतो. टी-४ चा एकटा आकडा धातूबद्दल काहीच सांगत नाही, आणि धातूचा एकटा आकडा थायरॉइडबद्दल.

तरी धातू नेमका कुठे खोडा घालतात हे माहीत असलेलं बरं. थायरॉइड म्हणजे गळ्यात, स्वरयंत्राच्या किंचित खाली, श्वासनळीच्या दोन्ही अंगांना चिकटलेली ग्रंथी. आत बारीक गोल पिशव्या असतात आणि त्यांत चिकट द्रव भरलेला असतो. पिशवीच्या भिंतीवरचा सोडियम-आयोडाइड पंप रक्तातलं आयोडीन आत ओढतो, पेरॉक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) ते प्रथिनावर चढवतं, आणि तयार होतं मुख्यतः टी-४. पण टी-४ हा गोदामातला माल. पेशींत खरं काम करतं ते टी-३, आणि त्यातलं बरंचसं ग्रंथीत नाही तर यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांत बनतं. टी-४ वरचा आयोडीनचा एक अणू काढून टाकणारी डीआयोडिनेज नावाची विकरं ते काम करतात आणि त्यांच्या गाभ्यात सेलेनियम असतं.

धातूंचे घाव या साखळीवर वेगवेगळ्या जागी बसतात. शिशामुळे ग्रंथीचं आयोडीन ओढणं कमी होतं हे उंदरांत १९६० च्या दशकातच दिसलं होतं. कॅडमियम गंधकयुक्त गटांना चिकटतं आणि यकृतातलं डीआयोडिनेज लुळं करतं. अशा वेळी टी-४ फारसं हलत नाही, टी-३ मात्र घसरतं. पाऱ्याला सेलेनियमची जबर ओढ. तो सेलेनियम बांधून ठेवतो आणि विकराला कच्चा मालच उरत नाही. आर्सेनिकचंही सेलेनियमशी वैर जुनं आहे. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात १९९० च्या दशकात उंदीर, कोंबड्या आणि मांगूर मासा यांच्यावर शिसं-कॅडमियमचे प्रयोग झाले, त्यांत हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसली: यकृतातल्या डीआयोडिनेजचं काम मंद, आणि पेशीतल्या स्निग्ध पदार्थांचं ऑक्सिडीकरण वाढलेलं. (माशाला गळ्यात अशी गाठ नसते. त्याच्या थायरॉइडच्या पिशव्या हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या आसपास विखुरलेल्या असतात, म्हणून माशाची थायरॉइड काढून वजन करू म्हटलं तर जमत नाही.)

मग भट्टीजवळच्या गाईंचं टी-४ वाढलं कसं? प्रयोगात डोस मोठा असतो, मुदत काही आठवड्यांची आणि प्राणी एकाच वयाचे. गाय वर्षानुवर्षं थोडं थोडं खाते. तिच्या शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. शिवाय रक्तातलं टी-४ म्हणजे ग्रंथीने बनवलेलं वजा यकृताने निकालात काढलेलं. त्याच अभ्यासात भट्टीजवळच्या गाईंच्या यकृताची विकरंही रक्तातल्या शिशाबरोबर वाढलेली होती. यकृत दुखावलं तर निचरा मंदावतो आणि उत्पादन न वाढताही आकडा चढू शकतो. हा तर्क आहे, सिद्धता नव्हे. पण गाईचं टी-४ चढलं म्हणून थायरॉइड जोमात आहे असं समजू नये, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

आता गोठ्याकडे वळू. जनावराच्या पोटात शिसं जातं कुठून? सगळ्यात वाईट उगम म्हणजे जुनी बॅटरी. चारचाकीच्या बॅटरीत सात-आठ किलो शिसं असतं, ट्रॅक्टरच्या बॅटरीत त्याहून जास्त. फुटलेल्या बॅटरीतली पट्टी हातात घेतली तर राखाडी जाळी दिसते आणि जाळीच्या घरांत दाबून भरलेला, नखाने खरवडला तर भुगा होणारा लगदा. जाळीपेक्षा हा लगदा घातक, कारण शिशाची ऑक्साइडं आणि सल्फेटं पोटातल्या आम्लात धातूच्या घट्ट तुकड्यापेक्षा लवकर विरघळतात. चवीला खारट-गोडसर असल्याने जनावर, विशेषतः वासरू, ते आवडीने चाटतं. वासराला प्राणघातक मात्रा एका किलो वजनामागे साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम. चाळीस किलोच्या वासराला १६ ग्रॅम पुरे, म्हणजे चमचाभर लगदा. मोठ्या जनावराला किलोमागे ६०० ते ८०० मिलिग्रॅम. रोज थोडं थोडं जात असेल तर किलोमागे दिवसाला सहा-सात मिलिग्रॅमनेही महिन्या-दोन महिन्यांत लक्षणं दिसतात. ग्रंथींवरचा परिणाम लक्षणांच्या आधी सुरू होतो, म्हणून ‘जनावर तर धडधाकट दिसतंय’ या वाक्याला इथे काही किंमत नाही.

दुसरा उगम: बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या छोट्या भट्ट्या. बॅटऱ्यांसाठी २००१ चे नियम होते, त्यांच्या जागी २०२२ चे नवे आले. कागदावर सगळं चोख आहे. गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमधून रात्री निघणारा धूर कागद वाचत नाही. ही धूळ वाऱ्याच्या दिशेने चाऱ्यावर बसते. तिसरा उगम जुना रंग. घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, त्याआधीचे दरवाजे, गज, जुनी लोखंडी फाटकं अजून गोठ्यांत आहेत, आणि बांधलेलं कंटाळलेलं वासरू तेच चाटत बसतं. रंगवलेलं जुनं लाकूड जाळून त्याची राख गोठ्यात पसरणं तर सरळ विष पसरणं आहे. जळकं ऑइल गोचिडांवर चोळायची सवय सोडावी हे बरं, मग त्यात शिसं असो वा नसो. पेट्रोलमधलं शिसं देशभर २००० साली बंद झालं, त्यामुळे रस्त्याकडेच्या गवताची भीती आता पूर्वीइतकी नाही. मातीत जुनं बसलेलं मात्र तिथेच आहे.

पोळ्याचाही विषय निघतोच. शेंदूर म्हणजे मुळात शिशाचं ऑक्साइड, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. शिंगांना हिंगूळ लावायची आपली रीत जुनी, आणि आता बाजारात त्या नावाने काय मिळतं हे डबा वाचल्याशिवाय कळत नाही. वर्षातून एकदा शिंगावर लावलेल्या रंगाने बैलाची थायरॉइड बिघडेल असं मानायला आधार नाही. शिंग बैलाला स्वतःला चाटताही येत नाही आणि हिंगूळ पोटात शोषलं जातं तेही जेमतेम. पण रंगवून झाल्यावर अर्धा डबा गव्हाणीशेजारी उघडा राहतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे वासरं मोकळी सुटतात. जपायचं ते तिथे.

कॅडमियमची वाट वेगळी. ते गोठ्यात सहसा तुकड्याने येत नाही, चाऱ्यातून येतं. शिसं मातीला घट्ट धरून बसतं आणि मुळांतून वर फारसं चढत नाही. ते पानांवरच्या धुळीतून आणि मातीसकट ओरबाडलेल्या खुरट्या गवतातून पोटात जातं. कॅडमियम मात्र मुळातून पानात सहज चढतं. सांडपाण्यावर वाढवलेला चारा, सांडपाण्याच्या गाळाचं खत, काही खडकांपासून बनलेली स्फुरदयुक्त खतं हे त्याचे नेहमीचे रस्ते. हैदराबादेत मुसी नदीच्या सांडपाण्यावर पॅराग्रास नावाचं गवत पिकवून शहरातल्या म्हशींना घालतात, आणि मोठ्या शहरांच्या खालच्या अंगाला असं चित्र बऱ्याच नद्यांकाठी आहे. म्हणून चारा धुणे या उपायाची मर्यादा लक्षात ठेवा. धुतल्याने धुळीतलं शिसं बरंच निघून जातं, पानाच्या आतलं कॅडमियम तसूभरही जात नाही. मातीचा सामू (पीएच) इथे निर्णायक. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, सामू साडेसात-आठच्या पुढे असताना, कॅडमियम बरंचसं अडकून राहतं. कोकण-गोव्याच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत तेवढंच कॅडमियम चाऱ्यात कितीतरी जास्त उतरतं. तिथे चुना घालणं आणि जमिनीत जस्ताची कमतरता राहू न देणं याने फरक पडतो.

आर्सेनिकचा प्रश्न आपल्यापेक्षा बंगालच्या खोऱ्यातला आहे. तिथे उपशाच्या पाण्यावर पिकलेल्या भाताचा पेंढा आणि हातपंपाचं पाणी, दोन्हींतून ते जनावरात जातं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाच्या मर्यादा एका लिटरमागे अशा: शिसं ०.०१ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१. या माणसांसाठीच्या आहेत, पण गोठ्याच्या विहिरीचा रिपोर्ट वाचताना तुलनेला उपयोगी पडतात.

धातूवर बोट ठेवण्याआधी मात्र चार संशयित हातावेगळे करावेच लागतात, कारण गळ्याला गाठ, मुका माज, वारंवार उलटणं, वार अडकणं, अशक्त किंवा केस नसलेलं वासरू ही सगळी लक्षणं धातूशिवायही होतात आणि बहुतेक वेळा धातूशिवायच होतात.

पहिला संशयित अर्थातच आयोडीनची कमतरता. दुसरा सुबाभूळ. त्यातल्या मिमोसिनपासून पोटात डीएचपी नावाचं द्रव्य बनतं आणि ते थायरॉइडला अडवतं. शेपटीचे गोंडे झडणं, लाळ गळणं, गळा सुजणं ही त्याची खूण. हे द्रव्य फोडणारे जिवाणू पोटात असले तर त्रास होत नाही. हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले असे जिवाणू १९८० च्या दशकात मुद्दाम ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांत सोडले गेले. सुबाभूळ एकूण वैरणीच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा. आणि एक लक्षात घ्या, डीएचपीने झालेला गलगंड आयोडीन वाढवून पुरता हटत नाही. कोबी-फ्लॉवरचा पालाही थायरॉइडला अडवू शकतो, तेव्हा तो बाजारातून ट्रॉलीने आणून घालणाऱ्यांनीही जनावराचा गळा तपासावा. तिसरा संशयित ऋतू आणि वेत: कडक उन्हाळ्यात म्हशीचं टी-३, टी-४ खाली येतं, आणि नुकत्याच व्यायलेल्या जास्त दुधाच्या गाईत अंगातली ऊर्जा ओढली जात असताना टी-४ पडतं. हा आजार नव्हे. चौथा संशयित आपणच. गर्भाशयात पोविडोन आयोडीन किंवा ल्युगॉल ही आयोडीनची औषधं सोडली असतील तर ते आयोडीन रक्तात जातं. त्यानंतर लगेच काढलेल्या थायरॉइडच्या तपासणीत काहीही निघू शकतं. तीन-चार आठवडे थांबा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या फ्लोराइडच्या पट्ट्यात पाण्याचं फ्लोराइडही पाहून घ्या.

नमुना घेणं हे या सगळ्यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम. थायरॉइडसाठी लागतो सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, शिसं-कॅडमियमसाठी लागतं पूर्ण रक्त. रक्तातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं तांबड्या पेशींत असतं. सीरममध्ये शिसं मोजून आलेला ‘निरंक’ रिपोर्ट म्हणजे पैसे पाण्यात, आणि ही चूक जितकी सोपी तितकीच सर्रास होते. धातूसाठी ईडीटीए किंवा हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारी) नळी, शक्य असेल तर सूक्ष्म धातूंच्या तपासणीसाठी बनवलेली गडद निळ्या टोपणाची. जस्तही मोजायचं असेल तर ही निळ्या टोपणाचीच हवी, साध्या रबरी बुचातूनच जस्त नमुन्यात उतरतं. तीन ते पाच मिली रक्त, नळी आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची. हलवलं नाही तर गुठळी होते आणि गुठळी झालेला नमुना धातूसाठी बाद. हे रक्त फ्रीजमध्ये चार अंशांवर ठेवायचं, गोठवायचं नाही.

सीरमसाठी लाल टोपणाची कोरी नळी. अर्धा ते एक तास उभी ठेवून गुठळी होऊ द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर दहा मिनिटं, वरचं पिवळसर सीरम प्लास्टिकच्या कुपीत, आणि दुसऱ्या दिवशी पाठवणार असाल तर उणे २० अंशांवर. सीरम लालसर दिसलं तर तांबड्या पेशी फुटल्यात, पुन्हा घ्या.

एका गाईचा नमुना घेऊ नका. संशयित गोठ्यातल्या पाच-सहा, आणि दहा-पंधरा किलोमीटर लांबच्या, वाऱ्याच्या उलट दिशेच्या गावातल्या तितक्याच. जात, वय आणि वेताचा टप्पा जुळलेला. सगळे नमुने एकाच दिवशी, एकाच वेळेला. ही तुलनेची टोळी नसेल तर इज्जतनगरच्या अभ्यासातलं ४१.१ तुम्हालाही नॉर्मलच वाटेल.

चाऱ्याचा नमुना घेताना तोच चारा दोन भागांत पाठवावा, एक धुतलेला, एक न धुतलेला. दोन्हींतला फरक म्हणजे धूळ, उरलेलं म्हणजे पानाच्या आतलं. या एका युक्तीने पुढचा उपाय ठरतो. चारा कोरड्या वजनावर मोजलाय की ओल्या, हे रिपोर्टवर लिहून मागा. नेपिअर गवतात ऐंशी टक्के पाणी असतं, तेव्हा आकडा पाच पटींनी फिरतो. युरोपात वैरणीसाठी शिशाची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आणि वनस्पतिजन्य खाद्यात कॅडमियमची १ मिलिग्रॅम आहे, दोन्ही १२ टक्के ओलावा धरून.

आता असा रिपोर्ट समोर आलाय असं समजा: शिसं ४२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, टी-४ ३.२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पियूषिका ग्रंथीचं संप्रेरक) ०.०१. शेजारी बाण काढून ‘टी-४ कमी, टीएसएच कमी’ छापलंय. घाबरण्याआधी रिपोर्टवर छापलेली नॉर्मल मर्यादा बघा. टी-४ पुढे ५ ते १२ लिहिलंय? ती माणसांची आहे. टी-४ चं रेणूरूप माणसात, गाईत, कुत्र्यात एकच असल्याने माणसांचं किट आकडा देऊ शकतं, पण मर्यादा उसनी घेता येत नाही. ३.२ ला १२.८७ ने गुणा, ४१ नॅनोमोल प्रति लिटर. म्हणजे तोच आकडा, ज्याच्याबद्दल वर एवढं लिहिलं. टीएसएच तर खोडूनच टाका. ते प्रथिन आहे आणि प्रत्येक प्राण्यात वेगळं. माणसांच्या किटला गाईचं टीएसएच धड ओळखताच येत नाही, म्हणून ०.०१ म्हणजे ‘कमी’ नव्हे, ‘मोजलंच नाही’. टी-३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असेल तर १.५४ ने गुणून नॅनोमोल मिळतात.

उरलं शिसं. ४२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ०.४२ पीपीएम. गाईत ०.१० च्या आत ठीक, ०.१० ते ०.३५ म्हणजे कुठून तरी जातंय, ०.३५ च्या वर विषबाधेच्या पट्ट्यात. या रिपोर्टमध्ये घाई करण्याजोगी ओळ हीच एक होती, आणि तिच्यापुढे बाण नव्हता. माणसांच्या प्रयोगशाळेतून कुत्र्याचा रिपोर्ट आला की हाच घोळ अजून जोरात होतो, कारण निरोगी कुत्र्याचं टी-४ साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. माणसाच्या मर्यादेत तोललं तर गल्लीतलं प्रत्येक कुत्रं थायरॉइडचं रुग्ण निघेल. त्यात फिट्ससाठी फेनोबार्बिटल किंवा खाजेसाठी प्रेडनिसोलोन चालू असेल तर टी-४ आणखी खाली. कुत्र्यांसाठी बनवलेलं टीएसएच किट मिळतं, तेच मागावं.

जनावर मेलं तर शवविच्छेदन सोडू नका. यकृत आणि मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराचे तुकडे फॉर्मॅलिनशिवाय गोठवून धातूसाठी; ओल्या वजनावर १० पीपीएमच्या वर शिसं म्हणजे निदान पक्कं. थायरॉइडचे दोन्ही खंड काढून आधी वजन करा, मग पातळ काप करून दहापट फॉर्मॅलिनमध्ये. पूर्ण दिवसांच्या नवजात वासराची थायरॉइड साडेसहा ते अकरा ग्रॅमची असते; तेराच्या वर गेली तर गलगंड. कोकरात ही रेघ २.८ ग्रॅमची. मोठी झालेली ग्रंथी आयोडीनकडे किंवा सुबाभळीकडे बोट दाखवते. धातूने ती मोठी होईलच असं नाही. एक सावधगिरी: आंधळेपणा, भिंतीला डोकं दाबून उभं राहणं, दात खाणं, लाळ ही शिशाची लक्षणं पिसाळलेल्या जनावरासारखीच दिसतात. रेबीज नाही हे ठरेपर्यंत तोंडात हात घालायचा नाही आणि कवटी पशुवैद्यकाशिवाय कुणी उघडायची नाही.

उपचारात पहिलं काम उगम तोडणं. बॅटरीचे तुकडे गाईच्या जाळीपोटात, म्हणजे दुसऱ्या कप्प्यात, बसून राहतात आणि महिनोन् महिने झिरपतात. खिळे-तारांसाठी पोटात सोडतात ते चुंबक इथे कुचकामी, शिसं चुंबकाला चिकटतच नाही. तुकडे मोठे असतील तर पोट उघडूनच काढावे लागतात. तोंडावाटे मॅग्नेशियम सल्फेट दिलं की पोटातल्या विरघळलेल्या शिशाचं न विरघळणारं सल्फेट बनतं, आणि ते शेणावाटे जातं. रक्तातलं काढायला कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. पुस्तकांत दिवसाला किलोमागे ७३ ते ११० मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, तीन दिवस, मग दोन दिवस विश्रांती देऊन पुन्हा. ४०० किलोच्या गाईला वरच्या मात्रेने दिवसाला ४४ ग्रॅम लागतात, आणि एवढं औषध हाताशी मिळवणं हीच अडचण. यातला जीवघेणा घोटाळा नावात आहे: कॅल्शियम नसलेलं नुसतं डायसोडियम ईडीटीए शिरेतून दिलं तर ते रक्तातलं कॅल्शियम ओढतं आणि गाय तिथेच पडते. बाटलीवरचं पूर्ण नाव वाचा. हे औषध शिशाबरोबर जस्तही बाहेर काढतं, म्हणून नंतर जस्ताची भरपाई लागते. सोबत थायामिन (जीवनसत्त्व ब-१), किलोमागे दोन ते चार मिलिग्रॅम रोज. उगम तसाच ठेवून ईडीटीए टोचत बसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

थायरॉक्सिनच्या गोळ्या गाईला देण्याचा विचार मनातून काढून टाका. कुत्र्यात पक्कं निदान झाल्यावर ते औषध आहे, गाईत धातूमुळे हललेल्या आकड्यावर नाही. गाईला द्यायचं ते खनिज. कॅल्शियम, स्फुरद, लोह कमी असलेल्या जनावराच्या आतड्यातून शिसं जास्त शोषलं जातं, त्यामुळे खनिज मिश्रण इथे ढालीसारखं काम करतं.

आयोडीनचा हिशोब मांडून बघा. दुभत्या गाईला कोरड्या वैरणीच्या किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम आयोडीन लागतं, बारा किलो कोरडा चारा धरला तर सहा मिलिग्रॅम. घरचं आयोडीनयुक्त मीठ दुकानात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅमचं. गाईला ३० ग्रॅम घातलं तर अर्धा मिलिग्रॅमही होत नाही, आणि बहुतेक गोठ्यांत घालतात ते खडेमीठ, त्यात आयोडीन मिसळलेलंच नसतं. भारतीय मानकाच्या खनिज मिश्रणात आयोडीन किमान ०.०२६ टक्के; रोजच्या ५० ग्रॅममधून १३ मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे गरजेच्या दुप्पट. पण पिशवी उघडी आणि दमट जागी पडली तर पोटॅशियम आयोडाइडमधलं आयोडीन उडून जातं. कॅल्शियम आयोडेट असलेलं मिश्रण जास्त टिकतं. मिश्रण घेताना मानक चिन्ह बघण्याचं आणखी एक कारण: स्वस्त मिश्रणातलं खडकाचं स्फुरद आणि जस्ताचं मीठ स्वतःच कॅडमियम-शिसं घेऊन येऊ शकतं. सेलेनियम कोरड्या वैरणीच्या किलोमागे ०.३ मिलिग्रॅम पुरे, ५ च्या वर तेच विष. अंदाजाने सेलेनियम टोचू नका.

उगम तुटल्यावर रक्तातलं शिसं चार-सहा आठवड्यांच्या अंतराने मोजत राहा. ते महिन्यांच्या हिशोबाने उतरतं, दिवसांच्या नाही, कारण हाडांत साठा असतो. गाभण गाईच्या शेवटच्या महिन्यांत आणि व्यायल्यावर हाडातलं कॅल्शियम सुटतं तेव्हा त्याच्यासोबत हे शिसंही सुटतं, वारेतून वासरात आणि दुधात जातं. म्हणून वर्षभरापूर्वी ‘सुटलेली’ गाय व्यायल्यावर तिचं रक्त पुन्हा तपासायचं, आणि दूध डेअरीला घालण्याआधी तेही. दुधातल्या शिशाची मर्यादा किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम आहे. कॅडमियमच्या बाबतीत अशी वाट बघण्यात अर्थ नाही. ते मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि जनावराच्या हयातीत बाहेर येत नाही. अशा भागातल्या म्हाताऱ्या शेळी-मेंढीचं मांस खाल्लं जात असेल, तर गुरदा बाजूला काढून पुरून टाकावा, कुत्र्यालाही घालू नये.